आनंदीबाईंचे पाहुणे

गेल्या वसंतात नवरा आणि कॉलेजातली मैत्रीण एकाच आठवड्यात फिलाडेल्फियाला येऊन थडकले. फ्रिज भरून ठेवला, गादी मागून आणली, आणि मला राहून राहून आनंदीबाई जोशी आठवल्या. याच गावात त्यांच्याकडेही नेमके असेच दोन पाहुणे आले होते.

त्या १८८३ साली नवऱ्याविना अमेरिकेत आल्या, वय अठरा. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कारपेंटर यांनी त्यांना घरच्यासारखे ठेवून घेतले; मग इथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिक्षण सुरू झाले. १८८५ मध्ये नवरा, गोपाळराव, आले. बायकोला शिकवायचा हट्ट याच माणसाचा, पण इथे येऊन यजमानांच्याच देशावर जाहीर टीका करू लागले. माझ्या मते हा पाहुणा आनंदीबाईंना परीक्षेपेक्षा जड गेला असावा. (आमचे हे फक्त थंडीवर टीका करतात.)

दुसऱ्या पाहुण्या पंडिता रमाबाई, आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ च्या पदवीदानासाठी त्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडहून आल्या. आनंदीबाई त्याच वर्षी मायदेशी परतल्या. रमाबाई मात्र १८८८ च्या अखेरीपर्यंत राहिल्या, देशभर व्याख्याने देत विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे आपले पुस्तक १८८७ मध्ये इथेच छापले. प्रस्तावना आनंदीबाईंच्याच डीन रेचल बॉडली यांची.

रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक १८८९ साली मराठीत निघाले. परदेशी कुणाकडे राहायला निघाला असाल, तर आधी ते वाचा.