दुभाष्याचे पैसे

डेन्मार्कमध्ये माझी पहिली ओळख म्हणजे दहा आकडी सीपीआर नंबर. ही पद्धत 1968 पासूनची. डॉक्टर, बँक, लायब्ररी, सगळं त्यावरच. पिवळं हेल्थ कार्ड घरपोच आलं, सोबतचं पत्र मात्र डॅनिशमध्ये. नर्सबाई इंग्रजी बोलतात. माझंच इंग्रजी दहावीपुरतं. दवाखान्यात दुभाषी मिळतो, पण जुलै 2018 पासून तीन वर्षांहून जास्त राहिलेल्यांना त्याचे पैसे भरावे लागतात.

हेच डॅनिश 1620 मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला आले, 1845 मध्ये इंग्रजांना गाव विकून गेले. सव्वादोनशे वर्षं! कारभार बराचसा पोर्तुगीज आणि दुभाष्यांच्या भरवशावर. त्यांना कुणी मुदत घातली होती?

माझी तीन वर्षं मार्चमध्ये भरतात. बाळंतपणाची तारीख एप्रिलची.