शेतकीच्या शिक्षकाचें टांचण

शेतकी शिकविण्यास शिक्षक कोठून आणावा, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. शेती जाणणारा मनुष्य वर्गापुढें उभा केला कीं झालें, असें पुष्कळांना वाटतें. परंतु ज्याला पीक काढतां येतें त्याला पाठ मांडतां येतोच असें नाहीं. आणि ज्याला पाठ मांडतां येतो त्याच्या हाताला पुष्कळदां मातीच लागलेली नसते. या दोहोंचा मेळ घालण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेंत झाला. त्याची हकीकत, वाचकहो, शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेंत धाडणाऱ्या आपणां सर्वांस जाणून घेण्याजोगी आहे.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थॅम्प्टन गांवीं १९०८ सालीं स्मिथ शेतकी शाळा सुरू झाली. तिचे चालक रूफस स्टिम्सन हे तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकलेले गृहस्थ. धर्मग्रंथ वाचलेल्याला शेतांतलें काय कळणार, असें कोणी म्हणेल. पण पुढील युक्ति काढली ती यांनींच. शाळेच्या शेतावर मुलें राबतात, परंतु तेथील नफातोट्याची झळ मुलाला लागत नाहीं. म्हणून स्टिम्सन यांनीं प्रत्येक मुलाला घरच्याच शेतावर काम नेमून दिलें. एखाद्यानें बटाट्याचा तुकडा सांभाळावा, एखाद्यानें कोंबड्या पाळाव्या, जमाखर्च वहींत मांडावा, आणि शिक्षकानें घरोघर फिरून तें काम पाहावें. १९११ पासून ते साऱ्या संस्थानाच्या शेतकी शिक्षणाचे देखरेखीदार झाले, आणि १९१४ सालीं ही योजना अमेरिकन सरकारच्या शिक्षणखात्यानें पुस्तिकारूपानें छापली.

आतां यामुळें शिक्षकावर काय ओझें पडलें तें पाहा. पुस्तकांत आधीं माती, मग खतें, मग बियाणें असा क्रम असतो. पण मुलाच्या कोंबड्यांना रोग लागला तर त्या पंधराव्या धड्याची वाट पाहत थांबत नाहींत! म्हणून शिक्षकानें आधीं गांव पाहावें: पिकें कोणतीं, जनावरें किती, माल कोठें विकला जातो. मग एकेका पिकाचीं कामें सुटीं करावीं, आणि जें काम ज्या महिन्यांत येतें त्याचा पाठ त्याच्या थोडा आधीं ठेवावा. बियाणें निवडण्याचा पाठ पेरणी उरकल्यावर दिला तर तो कितीही सुरेख असो, फुकट गेला. हर्बार्टच्या पांच पायऱ्या आपल्या ट्रेनिंग कॉलेजांतूनही घोकविल्या जात; त्यांतील शेवटची पायरी, उपयोजनाची, बहुधा फळ्यावरच आटपे. येथें ती बांधावर गेली. टांचणाचा आरंभही व्याख्येनें न होतां मुलाच्या अडचणीनें होऊं लागला.

२३ फेब्रुवारी १९१७ रोजीं अध्यक्ष विल्सन यांनीं स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली. चौदा वर्षांवरील मुलांच्या या शिक्षणांत वर्षाकांठीं निदान सहा महिने देखरेखीखालीं शेतकाम असलें पाहिजे, असें त्यांत ठरलें. शिक्षकांच्या पगारास व त्यांच्या तयारीसही मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळूं लागला. मात्र त्या धंद्याचा पुरेसा अनुभव वा संबंध असलेल्यांसच ही तयारी द्यावयाची, अशी अट होती.

या पद्धतींत एक उणेपणा होता, तो झांकण्यांत अर्थ नाहीं. बापाला जमीनच नसेल तर मुलानें काम कोठें करावें? शाळेनें जागा पुरवावी, अशी सवलत कायद्यांत होती. पण दुसऱ्याच्या दिलेल्या वाफ्यांत घरच्या शेताची कळकळ कोठून येणार! पुढें १९६३ च्या धंदेशिक्षणाच्या कायद्यानें शेताबाहेरील शेतीसंबंधी धंदेही या शिक्षणांत घेतले.

हिंदुस्थानांत हाच प्रश्न लॉर्ड लिनलिथगो यांच्या रॉयल कमिशनपुढें आला. त्याचा अहवाल १९२८ सालीं निघाला. मुंबई इलाख्यांत पुणें जिल्ह्यांतील लोणीच्या धर्तीवर वेगळ्या शेतकी शाळा होत्या. पंजाबांत शेतकी हा देशी भाषेच्या मिडल शाळेंतलाच एक विषय होता, व तो शिकविणारा शिक्षक आधीं अध्यापन शिकून मग लायलपूरच्या शेतकी कॉलेजांत वर्षभर राही. कमिशननें पंजाबच्या रीतीस कौल दिला. म्हणजे तेथें अध्यापन आधीं आणि शेतकी मागून. अमेरिकेंत शेतीचा अनुभव आधीं व अध्यापन मागून. मला अमेरिकेचा क्रम अधिक पटतो, तरी खेड्यांतल्या शाळामास्तरास त्या काळीं जो पगार मिळे तो पाहतां, लायलपूरच्या चालकांस दुसरा मार्ग फारसा मोकळा नव्हता.