नाशिकचे शरणपूर आणि मुक्त आफ्रिकन

शरणपूर म्हणजे आश्रयाचे नगर. नाशिकजवळील हे ख्रिस्ती गाव १८५४ साली अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीने वसविले. हिंदी महासागरातील गुलामवाहू जहाजांवरून ब्रिटिश नौदलाने सोडविलेल्या अनेक आफ्रिकन मुलांना येथे आसरा, शिक्षण आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे व्यवसाय मिळाले.

येथे शिकलेले जेकब वेनराइट हे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सहभागी होते. १८७३ साली लिव्हिंग्स्टन निवर्तल्यावर आफ्रिकन सोबत्यांनी त्यांचा देह दीर्घ पायपीट करून समुद्रकिनारी आणला. वेनराइट त्यासह लंडनला गेले व १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीस उपस्थित राहिले.

शरणपूरचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८७५ साली मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली. तिच्या उभारणीत नाशिकहून परतलेल्या आफ्रिकनांचा मोठा वाटा होता. त्यांना तेथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

शरणपूर रोड हे नाव आजही नाशिककरांच्या तोंडी आहे. त्यामागील ही माणसेही स्मरणात राहावीत.