रेस कारमध्ये बॅटरी सुरक्षित कशी बसवतात? जाणून घ्या सोप्या भाषेत

मोबाईलची बॅटरी जरा फुगली तरी आपण घाबरतो. मग कारमधल्या १२ ते १५ किलोच्या बॅटरीचं काय? रेससाठी गाडी तयार करताना मुलं इंजिन आणि टायरवर खर्च करतात, बॅटरी मात्र एका पट्ट्याने बांधून मोकळी होतात. म्हणून आज मी याच विषयावर माहिती देणार आहे.

धोका नेमका काय?

पहिला धोका वजनाचा. अपघातात कार थांबते, पण बॅटरी पुढेच जायला बघते. २० जीचा धक्का बसला, तर १५ किलोची बॅटरी ३०० किलो वजनाएवढा जोर लावते. दुसरा धोका विजेचा. १२ व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण शॉर्ट सर्किट झालं की शेकडो अँपिअर करंट वाहतो. वायर तापून लाल होते, आणि जवळ पेट्रोल असेल तर आग लागते.

नियम काय सांगतो?

वजनाचा समतोल साधायला बरेच जण बॅटरी बोनेटखालून डिकीत नेतात. अशी जागा बदलली तर काय करायचं, हे एफआयएच्या ग्रुप ए गाड्यांच्या नियमांत दिलेलं आहे:

१. बॅटरीखाली धातूची बैठक आणि वरून धातूचे दोन क्लॅम्प हवेत. क्लॅम्पवर इन्सुलेशन पाहिजे.
२. क्लॅम्प किमान १० मिमी जाडीच्या बोल्टने फ्लोअरला कसायचे.
३. प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या खालच्या बाजूने, किमान ३ मिमी जाड आणि २० चौरस सेंटिमीटरची प्लेट लावायची. ही नसेल तर धक्क्यात बोल्ट पातळ पत्रा फाडून बाहेर येतो.

वायरिंग करताना

पॉझिटिव्ह टर्मिनलवर कव्हर हवंच. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट लावा, नाहीतर धार लागून इन्सुलेशन कापलं जातं. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिला बंद डब्यात ठेवलं तर गॅसची नळी गाडीबाहेर काढा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडा, लावताना ते शेवटी जोडा.

किल स्विच विसरू नका

हा स्विच फक्त बॅटरी तोडणारा नको. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटर वीज देतच राहतो, म्हणून स्विच दाबल्यावर इंजिनही बंद पडलं पाहिजे. तो ड्रायव्हरला सीटबेल्ट लावलेला असताना पोचता यावा आणि बाहेरच्या माणसालाही सापडावा. बाहेर त्याची खूण म्हणून निळ्या त्रिकोणात लाल वीज दाखवतात.

माझा सल्ला

ट्रॅकवर जाण्याआधी दोन गोष्टी करा. बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. ती नाही, अख्खी गाडी हलली पाहिजे. मग इंजिन चालू ठेवून किल स्विच दाबा. यातली एक जरी चाचणी फसली तर गाडी बाहेर काढू नका. भारतात स्पर्धांचं नियमन एफएमएससीआय करते, त्यामुळे तुमच्या स्पर्धेची नियमावली आधी वाचून घ्या.

काही शंका असेल तर कमेंटमध्ये नक्की विचारा, आणि गाडी बनवणाऱ्या मित्राला हा लेख पाठवा!