आगाप टोमॅटो: चिमट्याने जुळवलेलं बी

मनमाडहून चाळीसगावकडे रेल्वेने जाताना मध्ये नांदगाव लागतं. पर्जन्यछायेतला कोरडा तालुका. इथे टोमॅटो लावायचा म्हणजे पाऊस, विहीर आणि भाव, तिघांचं गणित एकदम जुळवायचं. म्हणून आज आगाप टोमॅटोच्या हायब्रीड बियाण्याची गोष्ट.

आगाप येण्याची किंमत आपण सगळ्यांनी 2023 मध्ये पाहिली. जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभरच्या पुढे, आणि सप्टेंबरात भाव धाडकन खाली. ज्याची जाळी आधी बाजारात पोचली, तो तरला.

लवकर येणारं बी पूर्वीही होतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा रुबी’ लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांत तोडणीला यायचं, आणि त्याचं बी घरी धरता यायचं. अमेरिकेत ‘बिग बॉय’ हा हायब्रीड टोमॅटो 1949 मध्येच आला होता. आपल्याकडे 1973 मध्ये बंगळूरच्या मनमोहन अत्तावर यांच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्सने ‘कर्नाटक’ हा हायब्रीड टोमॅटो आणला. पुढे त्यांचेच ‘वैशाली’, ‘रुपाली’. राहुरी कृषी विद्यापीठानेही ‘राजश्री’, ‘फुले राजा’ दिले.

आता गंमत ऐका. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. त्यामुळे संकर करायचा तर कुणीतरी मध्ये पडावं लागतं. मादी झाडाची कळी उमलायच्या आत, संध्याकाळी, चिमट्याने तिचे पिवळे पुंकेसर काढायचे. सकाळी नर झाडाचे परागकण तिथे हाताने लावायचे. एक फूल, मग दुसरं, मग शेकडो. बुलढाण्यातल्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये हे क्रॉसिंग चालतं, आणि ते बहुतेक बायकाच करतात. पाकिटावर त्यांचं नाव नसतं, हे मला खटकतं.

एवढं करून ते बी एकाच पिढीपुरतं. त्या फळातलं बी पेरलं तर एक झाड लवकर येतं, दुसरं उशिरा, तिसऱ्याचं फळ वेगळंच. सगळा माल एकदम काढून बाजार गाठायचा बेत तिथेच फसतो. म्हणून दर हंगामाला नवं पाकीट. आता तर पुष्कळजण थेट नर्सरीतून ट्रेमधली रोपंच उचलतात.

पुढच्या भागात कांदा. त्याचं बी मात्र आपल्याकडचे कितीतरी शेतकरी अजूनही डोंगळे लावून घरीच करतात.