डोल आणि कव: कोळी समाजाची सागरी वहिवाट

वसई, अर्णाळा, सातपाटी ते डहाणू या किनाऱ्यावर बोंबील, जवळा, करंदी यांची मासेमारी प्रामुख्याने डोल या जाळ्याने होत आली आहे. डोल म्हणजे तोंड रुंद आणि शेवटी निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे. ते माशांच्या मागे धावत नाही, तर समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी ठेवले जाते, आणि पाण्याबरोबर आलेली मासळी त्याच्या 'खोला' नावाच्या बारीक आसाच्या शेपटात साठते. भरती-ओहोटीच्या ओढीवरच सारे अवलंबून असल्याने उधाणाच्या दिवसांत जाळे भरते, तर भांगात प्रवाह मंदावून ते रिकामेच राहते.

या रचनेतच सामूहिक नियमनाचे मूळ आहे. एकाच्या डोलीसमोर दुसऱ्याने डोल लावली, तर मागच्याचा प्रवाह अडतो. म्हणून खुंट रोवण्याच्या ठरलेल्या जागा, म्हणजेच 'कव', वहिवाटीने मान्य झाल्या आणि त्यांवरचे तंटे गावकीत, जमातीच्या पंचांसमोर सुटू लागले. कागदावर नसलेला हा हक्क शेजाऱ्याने मानला तरच टिकणारा होता, आणि हेच त्याचे खरे बळ म्हणावे लागेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रनौका आल्या, नावा दूरवर जाऊ लागल्या आणि वसई-उत्तनच्या कवी उत्तरेकडे सरकल्याची तक्रार सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांनी केली. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने परवान्यांचे अधिकार शासनाकडे गेले, कवींचा वाद मात्र गावागावांत धुमसत राहिला.