सोळा आण्यांचे माप

पन्नास पैशांचे नाणे आज कोणी हातात धरीत नाही. परंतु पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला या पन्नास पैशांचे मोल विचारावे. गावाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पूर्ण पिकाच्या मानाने यंदाचे पीक शेकडा किती याचा आकडा, पन्नासाच्या आत निघाली, तर जमीन महसुलात सूट मिळते, कर्जाची वसुली लांबणीवर पडते, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत मिळते, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ होते, रोजगार हमीचे निकष सैल होतात आणि गरज पडेल तेथे टँकर येतो. तीच पैसेवारी एक्कावन्न निघाली, की हे सारे दरवाजे एकदम बंद होतात. संपूर्ण गावाच्या एका हंगामाचे बरेवाईट एका अंकात बांधण्याची ही विद्या कोठून आली, कोणाच्या गरजेतून वाढली आणि तिच्याच धर्तीवर आज राष्ट्रांची प्रगती व त्यांची लोकशाही मोजली जात असता तिच्या इतिहासातून काही बोध निघतो काय, हे पाहण्याजोगे आहे.

पिकाच्या अंशावर राज्याचा हक्क ठरविण्याची रीत आपल्याकडे प्राचीन. परंतु नगरच्या संदर्भात तिचा आरंभ मलिक अंबरापासून धरणे न्याय्य होईल. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला हा मुत्सद्दी १६२६ साली निवर्तला, तेव्हा मोगलांशी केलेल्या झुंजींइतकीच कीर्ती त्याने जमाबंदीच्या व्यवस्थेने मिळविली होती. ग्रँट डफने नोंदविल्याप्रमाणे अंबरने महसुलाची इजारेदारी मोडली, प्रत्यक्ष उत्पन्नाचा माफक हिस्सा धान्यरूपाने घेण्यास प्रारंभ केला आणि काही हंगामांचा अनुभव गाठीशी जमल्यावर त्या हिश्शाचे रूपांतर रोख रकमेत केले. हा हिस्सा दोनपंचमांश असल्याचे सांगितले जाते, तर रोखीत तो एकतृतीयांशाच्या आसपास बसत असे अशी परंपरा आहे. या व्यवस्थेत आधी पीक पाहावयाचे आणि मग आकडा लिहावयाचा, असा क्रम होता.

इंग्रजी अमलात तो क्रम उलटला. १८१८ नंतर दख्खन कंपनीच्या ताब्यात आल्यावर, ज्या हेलीबरीच्या महाविद्यालयात मॅल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे तेथून आलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने खंडाच्या तत्कालीन सिद्धांताला अनुसरून प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न, म्हणजे लागवडीचा सर्व खर्च वजा जाता उरणारे शिल्लक, काढण्याचे योजिले आणि त्यातील शेकडा पंचावन्न सरकारचे असा निवाडा दिला. सिद्धांत निर्दोष दिसत होता. मात्र बैलाच्या वैरणीपासून बियाण्यापर्यंतचे हजारो आकडे ज्यांच्या हातून जमा व्हावयाचे, त्या कारकुनांनी ते कोणी चुकून तर कोणी लाच खाऊन असे भरले, की आकारणीखाली रयत दबली आणि इंदापूरकडील शेतकरी जमिनी टाकून चालते झाले. सूक्ष्मतेचा आव आणणारे माप भरड मापाहूनही घातक ठरू शकते, याचे हे आपल्याकडील बहुधा पहिले उदाहरण होय.

ते निस्तरण्यासाठी १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे अधिकारी इंदापुरात आले, आणि आपल्या कथेतील आणा येथे प्रथम स्पष्टपणे अवतरला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि एका जमिनीच्या मानाने दुसरी जमीन किती हलकी वा भारी, एवढाच प्रश्न विचारला. उत्तम जमीन सोळा आण्यांची धरली. तिच्याखाली चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन अशा एकंदर नऊ प्रती ठरविल्या. प्रतबंदीचा कारकून शेताचा कच्चा नकाशा काढी, त्याचे चौकोन पाडी, प्रत्येक चौकोनात माती उकरून तिची खोली हाताच्या मापाने पाही. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी माती असेल तर पहिली प्रत. खोली पाव हाताने कमी झाली की प्रत उतरे, आणि चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ किंवा उतार यांपैकी एखादा दोष आढळला तर चौकोनात त्याची खूण करून प्रत आणखी एक पायरी खाली आणली जाई. सर्व चौकोनांची सरासरी म्हणजे त्या शेताचे आणे. ज्या साखळीने ते शेत मोजले जाई तिची लांबी तेहतीस फूट. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि तिच्याही सोळा भागांना आणेच म्हणत. या पद्धतीवर १८४७ च्या संयुक्त अहवालाने शिक्कामोर्तब केले आणि पुढे नगर जिल्ह्यातही तीस वर्षांच्या मुदतीने आकारणी लागू झाली.

आकारणी जमिनीच्या गुणावर बेतलेली होती, पावसाच्या लहरीवर नव्हती. आणि अवर्षणप्रवण मुलखात त्यामुळे अनर्थ ओढवणे अटळ होते. पीक येवो न येवो, हप्ता ठरल्या दिवशी भरावयाचा, तो भरण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर जावयाचे, आणि दस्तऐवजावर अंगठा उठवून परतावयाचे, हे चक्र १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला मोडले. ते लोण पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले, गावोगाव सावकारांकडील खते हिसकावून जाळली गेली. त्यामागोमाग १८७६-७८ चा महादुष्काळ आला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. जमिनीचा गुण कायम धरला तरी हंगामाचा गुण दरसाल निराळा मोजलाच पाहिजे, हे सरकारला अशा रीतीने उशिरा उमगले.

मातीसाठी घडविलेले सोळा आण्यांचे माप पिकाला लावण्यात आले ते या निकडीतून. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे; त्याच्या मानाने यंदाचे पीक किती आणे, याचा अंदाज, म्हणजे आणेवारी, पाटील-कुलकर्ण्यांपासून मामलेदारापर्यंत कोणी तरी बांधावा; तो चार आण्यांवर न जाईल तर सारा पूर्ण तहकूब करावा, सहा आण्यांपर्यंत असेल तर अर्धा, असा मुंबई इलाख्याचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा दंडक होता. वसुलीसाठी जन्मलेले माप आता वसुली थांबविण्यासाठी वापरले जाऊ लागले, हे त्याच्या चरित्रातील मोठेच वळण म्हणावे लागेल.

मापाने हक्क मिळतो म्हटल्यावर मापावरून भांडण होणारच. १९१८ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्यात ते झाले आणि साऱ्या देशाने पाहिले. सरकारी कागदांप्रमाणे पीक चार आण्यांहून अधिक होते; शेतकरी म्हणत होते कमी आहे. पुण्यात गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनी आधीच चौकशी केली होती, आणि गांधीजींनीही गावोगाव जाऊन पिकाचा अंदाज घेतला. दोन्ही पक्षांचे आकडे जुळेनात, तेव्हा लवाद नेमावा अशी मागणी पुढे आली; सरकारने त्या मागणीतच स्वतःचा अधिक्षेप पाहिला. दोघांच्याही नजरेसमोर शेत तेच होते. यंदाचे धान्य तर मोजता आले असते. पूर्ण पीक कशाला म्हणावे, म्हणजे सोळा आणे किती, हे ठरविण्याचा अधिकार मात्र एकट्या सरकारने आपल्याकडे ठेवला होता, आणि आणेवारीच्या प्रत्येक वादाचे मूळ शोधीत गेल्यास शेवटी येथेच येऊन पोचावे लागते. तेव्हापासून आजपर्यंत शेतकरी हेच गाऱ्हाणे घालीत आला आहे, की मागील वर्षांच्या सरासरीलाच प्रमाण उत्पन्न धरले, तर लागोपाठच्या दुष्काळांनी ती सरासरीच खाली येते आणि पुढचा दुष्काळ कागदावर सौम्य दिसू लागतो.

नजरेचा अंदाज बाजूला सारून प्रत्यक्ष कापणी करून पाहण्याची शास्त्रीय रीत या देशात रुजविण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुधचे. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत यादृच्छिक नमुना पद्धतीने पीककापणीचे प्रयोग उभे केले. शेत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाचे. त्याच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहून तक्त्यातील आकड्यांइतकी पावले लांबीकडे व रुंदीकडे टाकावयाची. पोचाल तेथे खुंट्या ठोकून दोरीने आयत आखावयाचा आणि त्यातले कणीस नि कणीस कापून, मळून, वाळवून तोलावयाचे. आयत फार लहान घेतला तर दोरीवर येणारी ताटे कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते, हे सुखात्म्यांनी दाखविले. लहान आकाराच्या नमुन्यांचा पुरस्कार करणाऱ्या महालनोबिसांशी त्यावरून त्यांचा मोठा वाद झाला. १९५१ पासून ते रोमच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे सूत्रधार झाले आणि १९६१ साली जगाच्या भुकेचे मापन करणारा त्यांचा प्रबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आला. शेताच्या कोपऱ्यातून निघालेली पावले अशी थेट राष्ट्रांच्या तुलनेपर्यंत जाऊन पोचली.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणा चलनातून उठला, आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आज सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम अशी खरिपाची पैसेवारी निघते. नगर जिल्ह्यात रब्बीची गावेही मोठ्या संख्येने असल्याने त्यांचा हिशेब निराळा. गावच्या समितीत महसुली अधिकाऱ्यांसह सरपंच आणि शेतकरीही बसतात. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पर्जन्यमान, भूजल, मातीतील ओल आणि उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती हे निर्देशांक पुढे आले, आणि २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो या नव्या निकषांवर. तरीही सरासरीचा जुना दोष येथे उघडच दिसतो: अकोले तालुक्यात घाटघरच्या माथ्यावर कोकणासारखा पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात पाथर्डी-जामखेडकडे बाजरी करपते, दोहोंना मिळून काढलेला आकडा दोघांपैकी कोणाचाच नसतो. एका माणसाचे डोके भट्टीत आणि पाय बर्फात ठेवून त्याच्या अंगाचे सरासरी उष्णतामान काढावे, तसा तो प्रकार होय.

विकासाच्या मापनाची सारी आधुनिक पद्धत याच सोळा आण्यांच्या कुळातील आहे. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत दारिद्र्याची रेषा आखली, तेव्हा दररोजचे २२५० उष्मांक हे त्यांचे सोळा आणे होते. १९८४ मध्ये दांडेकरांच्याच सत्यशोधन समितीने राज्याची सरासरी सोळा आणे धरली आणि तिच्याखाली राहिलेल्या जिल्ह्यांची तूट ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष म्हणून मांडली. १९९० साली महबूब उल हक यांनी मानव विकास निर्देशांक काढला, त्यात देशाचे माप शून्य ते एक यांच्या दरम्यान बसते. आयुर्मानापुरते तेथे आज ८५ वर्षे म्हणजे पूर्ण सोळा आणे. १९७३ पासून फ्रीडम हाउस स्वातंत्र्याची प्रतवारी लावीत आले आहे, २००६ पासून इकॉनॉमिस्ट समूह लोकशाहीला दहापैकी गुण देतो, आणि स्वीडनमधील गोटेनबर्गची व्ही-डेम संस्था शेकडो कसोट्यांवर तिला पारखते.

आपल्या जुन्या दफ्तराच्या भाषेत बोलावयाचे तर लोकशाहीचे हे बहुतेक आकडे नजरअंदाजाचे आहेत. जाणत्या अभ्यासकांनी दुरून वा जवळून पाहून दिलेले. २०२१ मध्ये फ्रीडम हाउसने भारताला अंशतः स्वतंत्र आणि व्ही-डेमने निवडणुकीपुरती एकाधिकारशाही ठरविले, त्यावर पुढे सरकारी वर्तुळातून असाही आक्षेप घेतला गेला, की मूठभर तज्ज्ञांची मते म्हणजे मापन नव्हे. नजरअंदाज खोटाच असतो असे नाही. जाणता पाटील उभ्या पिकावर नुसती दृष्टी टाकून आश्चर्यकारक अचूक सांगे. पण त्याच्या अंदाजावर हरकत घ्यावयास जागा हवी, आणि ती हरकत केवळ सारा भरणाऱ्याची किंवा केवळ सारा घेणाऱ्याची असून चालत नाही. राज्यकर्त्याला आपली आणेवारी नेहमीच सोळाच्या जवळ दिसते, हे खेड्यात सिद्ध झालेच होते.

कापणीचा मार्ग दुसरा. १९८१ पासून जागतिक मूल्य सर्वेक्षण नमुना पद्धतीने देशोदेशींच्या सामान्य नागरिकांना त्यांची मते विचारीत आले आहे. दिल्लीच्या लोकनीती गटाने, ज्यात पुण्याच्या सुहास पळशीकरांसारखे मराठी अभ्यासक अग्रभागी होते, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ या पाच देशांत लोकशाहीविषयीची पाहणी केली आणि २००८ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत लोकशाहीचा अर्थ काय, हेच आधी लोकांना विचारले होते. म्हणजे सोळा आणे कशाला म्हणावे, हे ज्यांचे मोजावयाचे त्यांच्याच तोंडून ऐकून घेतले. मापनाच्या इतिहासात हे पाऊल नमुन्याच्या आकारापेक्षा अधिक मोलाचे आहे.

ज्या जिल्ह्यात दुष्काळाची मोजदाद कचेरीतून होत आली, त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या काळात दरवर्षी आपल्या पावसाचा आणि भूजलाचा ताळेबंद स्वतः मांडण्याचा परिपाठ ठेवला आहे. पाणी किती पडले, किती मुरले, प्यावयास किती लागेल, हे ग्रामसभेत मांडून मग कोणते पीक घ्यावयाचे आणि कोणते टाळावयाचे हे ठरते. येथे मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असल्याने लपवाछपवीत कोणाचा लाभ नाही, आणि आकडा चुकला तर त्याची शिक्षा उन्हाळ्यात चुकणाऱ्यालाच भोगावी लागते. राष्ट्रांच्या क्रमवारीला ही सोय नाही, तिला दुरूनच पाहावे लागते, हे मान्य. परंतु आपले सोळा आणे कोणते हे उघड सांगण्याचे, आणि ज्याला मोजले त्याची हरकत ऐकून तिचे उत्तर देण्याचे बंधन तिच्यावरही तितकेच आहे. गावाच्या पैसेवारीला आज जी चौकशी सोसावी लागते, ती सोसण्याची तयारी नसलेल्या कोणत्याही निर्देशांकाला, तो गोटेनबर्गचा असो वा दिल्लीचा, अंतिम म्हणू नये. फार तर नजरअंदाज म्हणावा.